पेट्रोल टर्बो की डिझेल टर्बो? आधी डिझेलला भेटा

सेकंड हँड गाडी घ्यायची ठरली की घरात एक भांडण हमखास होतं. वडिलांना डिझेल हवी असते, कारण अ‍ॅव्हरेज. पोराला पेट्रोल हवी असते, कारण आवाज कमी, धूर कमी आणि मित्रांनी तसं सांगितलेलं असतं. काका दोघांनाही गप्प करतात आणि ओळखीच्या फिटरला फोन लावतात.

टाटाची नेक्सॉनच बघा. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात बनणारी ही गाडी सप्टेंबर 2017 मध्ये बाजारात आली ती दोन इंजिनं घेऊनच. एक 1.2 लिटरचं पेट्रोल, दुसरं 1.5 लिटरचं डिझेल. दोघांनाही टर्बो, दोघांचीही ताकद 110 पीएस. फरक टॉर्कमध्ये. पेट्रोलचा 170 न्यूटन मीटर, डिझेलचा 260. आता त्या गाड्या जुन्या बाजारात आल्या आहेत. एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतात, कागदावर ताकदही सारखीच, आणि तरी किल्ली फिरवली की वेगळ्याच वाटतात. असं का?

याचं उत्तर शोधायला गेलं की एक माणूस भेटतो. आपण त्याचं नाव रोज घेतो, पंपावर लिटरच्या हिशेबाने मोजतो, आणि हे कुणाचं तरी आडनाव आहे याचा पत्ताच नसतो. रुडॉल्फ डिझेल. जन्म 18 मार्च 1858, पॅरिस.

पॅरिसमध्ये जन्मला तरी तो फ्रेंच नव्हता. वडील थिओडोर जर्मनीतल्या ऑग्सबुर्गचे, पुस्तकबांधणीच्या घराण्यातले. पॅरिसला येऊन ते चामड्याच्या वस्तू बनवायचे. घरची परिस्थिती बेताची. पोरगा मात्र मोकळा वेळ मिळाला की जवळच्या यंत्रांच्या संग्रहालयात जायचा. तिथे क्यून्योची अठराव्या शतकातली वाफेवर चालणारी गाडी ठेवलेली होती, म्हणजे मोटारीची पणजीच. तो तिच्यासमोर बसून चित्रं काढायचा.

1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि पॅरिसमधल्या जर्मन कुटुंबांना शहर सोडावं लागलं. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. तिथे पोट भरण्याचीच मारामार, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे पाठवलं. ते नातेवाईक गणित शिकवायचे. ज्यांनी बारावीनंतर घर सोडून नागपूर-पुण्याला रूम केली आहे त्यांना हे थोडंफार कळेल. फरक एवढाच की हा बारावीत नव्हता, बारा वर्षांचा होता. चौदाव्या वर्षी त्याने आईवडिलांना पत्र लिहून कळवलं की आपण इंजिनिअर होणार. घरच्यांना तो लवकर कमावता व्हायला हवा होता. त्याने स्कॉलरशिप मिळवली आणि 1875 मध्ये म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला.

तिथे त्याला कार्ल फॉन लिंडे नावाचे प्राध्यापक भेटले. फ्रीजच्या शास्त्रातलं हे मोठं नाव. त्यांच्या तासाला एक आकडा आला आणि तो डिझेलच्या डोक्यात कायमचा बसला. वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम सहा ते दहा टक्केच कामाला लावतं. बाकीची सगळी धुरांड्यातून आणि गरम पाण्यातून वाया जाते. शंभर रुपयांचा कोळसा जाळा, दहा रुपयांचं काम घ्या, नव्वद हवेत सोडा. त्या काळच्या कारखान्यांना यात काही वावगं वाटत नव्हतं. या विद्यार्थ्याला मात्र ते सहन होईना.

घुग्घुसमध्ये राहून हा आकडा वाचला की जरा वेगळंच वाटतं. आपल्या गावाचा अर्धा व्यवहार कोळशावर चालतो. वेकोलिच्या खाणी, सिमेंट कारखाना, रात्रंदिवस धावणारे हायवा, आणि पलीकडे चंद्रपूरचं 2920 मेगावॉटचं महाऔष्णिक वीज केंद्र. अशा केंद्रात आजही कोळशातल्या उष्णतेच्या साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते. म्हणजे डिझेलला जो प्रश्न पडला होता तो अजून पुरता सुटलेला नाही.

1879 मध्ये परीक्षेच्या तोंडावर त्याला टायफॉइड झाला. परीक्षा हुकली. पुढच्या तारखेची वाट बघत तो स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूरच्या सुल्झर कारखान्यात कामाला लागला. आजच्या भाषेत इंटर्नशिप म्हणा. विंटरथूर हे गाव लक्षात ठेवा, त्याच वर्षी त्याच गावात या गोष्टीतला दुसरा माणूस जन्माला आला. पुढे परीक्षा झाली, जानेवारी 1880 मध्ये डिझेल उत्तम गुणांनी पास झाला आणि लिंडे सरांच्या बर्फाच्या धंद्यात पॅरिसला नोकरीला लागला. वर्षभरात तिथला प्रमुखही झाला. 1883 मध्ये मार्था फ्लाशेशी लग्न झालं, पुढे तीन मुलं झाली. पगार चांगला, काम स्थिर.

आपल्याकडे याला सेट झाला असं म्हणतात. तो नव्हता.

नोकरीसोबत तो स्वतःचं इंजिन बनवायच्या मागे होता. आधी त्याने पाण्याच्या वाफेऐवजी अमोनियाची वाफ वापरून बघितली. एका प्रयोगात स्फोट झाला. तो मरता मरता वाचला, कित्येक महिने दवाखान्यात काढले आणि डोळ्यांचा त्रास कायमचा मागे लागला. पुढे 1890 मध्ये तो बर्लिनला गेला, आणि तिथे त्याने अमोनियाचा नाद सोडून साध्या हवेकडे लक्ष वळवलं.

कल्पना तशी शाळेतल्या पोरालाही समजेल अशी आहे. सायकलमध्ये जोरजोरात हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. हवा दाबली की तापते. डिझेलने ठरवलं की हवा इतकी दाबायची की ती स्वतःच भट्टी होईल. मग तिच्यात इंधन सोडायचं, ते आपोआप पेटेल. ठिणगीची गरजच नाही. आजच्या डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतो तो यामुळे. पेट्रोल इंजिनात हवा साधारण दहाव्या हिश्श्याएवढी दाबतात, डिझेलमध्ये सोळाव्या हिश्श्याच्या आसपास. जितकं जास्त दाबाल तितकं त्याच इंधनातून जास्त काम निघतं. वडिलांच्या अ‍ॅव्हरेजच्या हट्टाचं मूळ इथे आहे.

आणि इंधन कुठलं? घुग्घुसकरांनी नीट ऐकावं. त्याच्या डोक्यात कोळशाची पूड होती. युरोपात तेव्हा कोळसा मुबलक आणि स्वस्त, त्यामुळे त्याच्या पेटंटमध्ये आणि पुस्तकात कोळशाच्या पुडीवर चालणाऱ्या इंजिनाचा विचार आहे. पूड आपल्याकडे कुठे नसते? दोरीवरच्या कपड्यांवर असते, गाडीच्या काचेवर असते. पण इंजिनात ती जमली नाही. कोळसा जळल्यावर राख उरते, आणि ही राख सिलिंडर आणि पिस्टनला पॉलिश पेपरसारखी घासते. शेवटी त्याला द्रवरूप इंधनाकडे यावं लागलं. जमलं असतं तर आज पंपाऐवजी पोत्यांच्या रांगा लागल्या असत्या, आणि घुग्घुसचा भाव काय असता विचार करा.

28 फेब्रुवारी 1892 पासूनचं पेटंट त्याच्या नावावर आहे. पुढच्या वर्षी त्याने आपलं गणित पुस्तकरूपाने छापलं आणि ते घेऊन कारखानदारांची दारं ठोठावली. ऑग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याचे हाइनरिक फॉन बुत्स तयार झाले. हाच कारखाना पुढे एमएएन या नावाने जगभर गेला. क्रुपनेही पैसा लावला. 10 ऑगस्ट 1893 ला पहिली चाचणी झाली. सिलिंडरमध्ये असा धमाका झाला की दाब मोजायचं यंत्रच उडालं. लोक वाचले. त्याच्या हिशेबाने हे अपयश नव्हतं, कारण दाबलेल्या हवेत इंधन पेटतं हे तर सिद्ध झालं होतं.

नंतर सहा महिने दुरुस्त्या. 17 फेब्रुवारी 1894 ला, असं सांगतात, इंजिन नेहमीप्रमाणे बाहेरच्या पट्ट्याने फिरवत होते. एका क्षणी फिटरच्या लक्षात आलं की पट्ट्याचा ताण उलटा झालाय. म्हणजे आता पट्टा इंजिनाला नाही, इंजिन पट्ट्याला फिरवतंय. तो काही बोलला नाही, त्याने डोक्यावरची टोपी काढली. ते जेमतेम मिनिटभर चाललं, पण स्वतःच्या ताकदीवर चाललं. या सगळ्या चरित्रातला माझा सगळ्यात आवडता प्रसंग हाच. तिथे भाषण नाही, पत्रकार नाहीत, एक फिटर आहे.

अजून तीन वर्षं गेली. 17 फेब्रुवारी 1897 ला प्राध्यापक मोरिट्स श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. एकच सिलिंडर, ताकद 20 हॉर्सपॉवरच्याही आत. आजच्या नेक्सॉनच्या सहाव्या हिश्श्याएवढी. पण इंधनातली 26.2 टक्के उष्णता कामाला लागली होती. वाफेच्या इंजिनाच्या अडीचपट. जगभरातून लायसन्स मागायला रांग लागली. अमेरिकेसाठीचे हक्क बिअरवाले अडॉल्फस बुश यांनी दहा लाख मार्कांना घेतले. ज्याचं लहानपण चणचणीत गेलं तो चाळिशीच्या आत करोडपतींच्या पंक्तीत जाऊन बसला. म्युनिकमध्ये त्याने भलामोठा बंगला बांधला.

आता जुनी गाडी घेणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं.

श्रोटरच्या चाचणीतलं इंजिन बनवणाऱ्यांच्या हातात होतं. विकलेली पहिली इंजिनं गिऱ्हाइकांच्या हातात गेली आणि बंद पडायला लागली. इंजिन तेच, पण ते बनवायला लागणारी अचूकता सगळ्या कारखान्यांकडे नव्हती, आणि सांभाळणारे लोक वाफेच्या इंजिनावर शिकलेले. वाफेचं इंजिन थोडा निष्काळजीपणा चालवून घेतं. प्रचंड दाबावर चालणारं हे इंजिन घेत नव्हतं. इंजिनं परत आली, पैसे परत मागितले गेले, पेटंटवर वाद झाले. विरोधकांचं म्हणणं होतं की पुस्तकात लिहिलेलं इंजिन आणि प्रत्यक्ष चालणारं इंजिन एक नाही, आणि त्यात तथ्य होतं. डिझेलची तब्येत ढासळली. 1898 मध्ये त्याला विश्रांतीसाठी सॅनेटोरियममध्ये राहावं लागलं.

सव्वाशे वर्षांनी गॅरेजमध्ये हेच ऐकू येतं. डिझेल गाडी वाईट नसते, ती कुणाच्या हातात होती ते बघावं लागतं. ऑइल वेळेवर बदललं का, एअर फिल्टर कधी बदलला, सर्व्हिस बुकवर शिक्के आहेत का. आपल्या भागात तर फिल्टरचा प्रश्न पहिला विचारावा. कोळशाच्या आणि सिमेंटच्या धुळीत चाललेल्या गाडीच्या फिल्टरला पुण्याच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त काम पडतं, आणि ती धूळ आत गेली तर कोळशाच्या राखेने डिझेलच्या सिलिंडरचं जे केलं तेच ती तुमच्या इंजिनाचं करणार.

डिझेलच्या आयुष्यातला एक प्रसंग आज पुन्हा पुन्हा सांगितला जातो. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. फ्रेंच सरकारला आपल्या आफ्रिकेतल्या वसाहतींसाठी ते हवं होतं, तिथे भुईमूग पिकायचा. बघणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात आलं की इंधन वेगळं आहे. डिझेलने पुढे स्वतः वनस्पती तेलांवर प्रयोग केले. त्याला आपलं इंजिन छोट्या कारागिराच्या हातात जावं असं वाटायचं. वाफेचं इंजिन फक्त मोठ्या भांडवलदाराला परवडतं, तर लहान सुताराला, विणकराला स्वस्त ताकद मिळावी. 1903 मध्ये त्याने कामगारांच्या एकजुटीवर एक पुस्तकही लिहिलं. ते फारसं कुणी विकत घेतलं नाही.

ही इच्छा युरोपापेक्षा आपल्याकडे जास्त पुरी झाली असं मला वाटतं. 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, आणि पुढे विहिरीवर धडधडणारं डिझेल इंजिन शेतकऱ्याच्या घरचंच झालं. कित्येक गावांत आजही इंजिन या शब्दाचा पहिला अर्थ तोच आहे, गाडी नाही.

आता विंटरथूरचा तो दुसरा माणूस. आल्फ्रेड ब्युकी, जन्म 1879. वडील सुल्झर कारखान्यातच मोठ्या पदावर. झुरिकला शिकून हा बेल्जियममधल्या गेंटच्या कारेल्स कारखान्यात नोकरीला लागला. तिथे डिझेल इंजिनं बनायची. डिझेलने उष्णता वाचवली होती तरी बरीचशी अजून सायलेन्सरमधून बाहेर जात होती, आणि ते बघून ब्युकीलाही तसंच अस्वस्थ व्हायला झालं. 1905 मध्ये त्याने पेटंट घेतलं. बाहेर जाणाऱ्या गरम धुराने एक पंखा फिरवायचा, त्याच दांड्यावर दुसरा पंखा, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलेल. जास्त हवा, म्हणजे जास्त इंधन जाळता येणार, म्हणजे तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद. हाच टर्बो. सुरुवातीला कुणाला पटलं नाही. वीस वर्षं प्रयोग चालले तेव्हा कुठे 1925 च्या सुमारास त्याला ताकदीत 40 टक्क्यांहून जास्त वाढ दाखवता आली. मग जहाजं आली, रेल्वे आली. आपल्या रेल्वेचं वर्षानुवर्षं मालगाड्या ओढणारं डब्ल्यूडीएम-2 हे 2600 हॉर्सपॉवरचं इंजिन टर्बोवरच चालायचं.

टर्बो डिझेलला इतका मानवला याचं कारण समजून घेतलं की नेक्सॉनचं कोडं सुटतं. डिझेल इंजिन दाबतं ती नुसती हवा. टर्बोने अजून हवा कोंबली तरी ती वेळेआधी पेटणार नाही, कारण पेटायला तिच्यात इंधनच नाही. त्यामुळे इंजिन मजबूत असेल तर हवा कोंबत जाता येते आणि कमी आरपीएमलाच जोर मिळतो. 260 न्यूटन मीटर तिथून येतात. नेक्सॉनसारख्या नेहमीच्या पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल आधीच एकत्र झालेले असतात. त्यांना जास्त दाबलं की ठिणगीची वाट न बघता ते मधेच पेटतात आणि इंजिन ठकठकतं. म्हणून तिथे टर्बोला लगाम घालावा लागतो. पेट्रोलची 110 पीएस ताकद इंजिन जास्त फिरवल्यावर हाती येते. डिझेलचा जोर आधीच मिळतो. एक पळतं, दुसरं ओढतं.

म्हणून गाडी बघायला जाताना अ‍ॅव्हरेजच्या आधी स्वतःचं रोजचं जाणं-येणं लिहून काढा. समजा डिझेल गाडी 75 हजारांनी महाग मिळतेय आणि किलोमीटरमागे दीड रुपया वाचवते. तर ते पैसे फिटायला 50 हजार किलोमीटर चालवावी लागेल. घुग्घुसहून चंद्रपूरला रोज जाऊन-येऊन साधारण 50 किलोमीटर होत असतील, तर सव्वातीन वर्षांत फिटले. गावातल्या गावात दिवसाला 10 किलोमीटर फिरवणार असाल तर सोळा वर्षं लागतील, आणि तोवर गाडीच उरणार नाही. ऑक्टोबर 2014 मध्ये सरकारने डिझेलचे दर बाजारावर सोडले तेव्हापासून पेट्रोल आणि डिझेलमधलं अंतर पूर्वीइतकं राहिलेलं नाही, हेही घरच्या मोठ्यांना हळूच सांगा. त्यांच्या मनात जुना हिशेब असतो.

अजून एक गोष्ट जाहिरातीत कुणी लिहीत नाही. एप्रिल 2020 पासून बीएस सिक्स आलं. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. अडकलेली काजळी जाळायला गाडी अधूनमधून हायवेवर सलग, चांगल्या वेगात चालावी लागते. नुसती कॉलेज, बाजार, घर अशी चालली तर जाळी तुंबते, आणि बदलायचा खर्च ऐकून घाम फुटतो. डिझेलने आपलं यंत्र तासन्‌तास एका लयीत राबण्यासाठी घडवलं होतं, थोडं चालून थांबण्यासाठी नाही. त्याचा तो स्वभाव अजून गेलेला नाही. तुमचं फिरणं छोटं आणि तुकड्यातुकड्यांचं असेल तर पेट्रोल टर्बो घ्या, दोन पैसे जास्त जळतील पण डोकं शांत राहील. घरचं कुणी आठवड्यातून दोनदा नागपूर करत असेल, गाडी भरून आलापल्ली-भामरागडकडे जाणं असेल, तर डिझेल. दोन्हीकडे हात घालणारा सल्ला देता आला असता, पण माझं मत विचाराल तर कॉलेजच्या पोरांपैकी बहुतेकांना डिझेलची गरज नसते.

टर्बो मात्र दोघांचाही सारखाच नाजूक. त्याचा पंखा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल जुनं झालं की आधी तो जातो. थंड गाडी सुरू करायला सांगा, आधीच तापवून ठेवलेली नको. निळा धूर आला तर ऑइल जळतंय. रस्त्यावर नेऊन तिसऱ्या गिअरमध्ये दाबा. जोर येताना बारीक शिट्टी असते ती नेहमीची, पण किंचाळल्यासारखा आवाज आला तर परत फिरा. टर्बोकडून इंजिनाकडे जाणारा पाइप फिटरला काढून बघायला सांगा. आत थोडा ओलसरपणा चालतो, ऑइल साचलेलं चालत नाही. आणि गाडी तुमची झाल्यावर, लांबून दामटत आलात की लगेच बंद करू नका, अर्धा मिनिट चालू राहू द्या. तापलेल्या टर्बोला तेवढा वेळ ऑइल मिळू द्या.

यातलं काहीच डिझेलला बघायला मिळालं नाही. गाडीत बसेल असं छोटं इंजिन बनवायचा त्याने प्रयत्न केला, पण तेव्हा इंधन आत फवारायला वेगळा हवेचा कॉम्प्रेसर लागायचा आणि सगळं प्रकरण कपाटाएवढं व्हायचं. बॉशचा इंधन पंप 1927 मध्ये कारखान्यातून बाहेर पडायला लागला तेव्हा ती अडचण गेली. 1936 मध्ये मर्सिडीजने डिझेलवरची कार विकायला काढली.

तो मात्र कर्जात बुडत गेला. उष्णतेचा थेंब वाया जाऊ न देणारा हा माणूस पैशाच्या बाबतीत अगदी कच्चा निघाला. तेलाच्या विहिरींत आणि जमिनींत घातलेला पैसा बुडाला. वरून सगळं झगमगीत दिसत होतं. 1912 मध्ये सेलांडिया हे डॅनिश जहाज डिझेल इंजिनांवर समुद्रपार गेलं, वर्तमानपत्रांत कौतुक झालं. आरमारांनी ते इंजिन पाणबुड्यांत बसवलं. कारागिरासाठी बनवलेलं यंत्र युद्धाच्या तयारीला लागलं.

सप्टेंबर 1913 मध्ये तो इंग्लंडला निघाला. घर सोडण्याआधी त्याने मार्थाला एक बॅग दिली आणि आठवडाभर उघडू नको असं सांगितलं. 29 सप्टेंबरला संध्याकाळी अँटवर्पला तो ड्रेस्डेन नावाच्या बोटीत चढला. सोबत जॉर्ज कारेल्स होते, म्हणजे ब्युकीने जिथे नोकरी केली त्याच गेंटच्या कारखान्याचे कारेल्स. रात्री जेवण झालं, गप्पा झाल्या. दहाच्या सुमारास तो केबिनकडे गेला आणि सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून गेला. सकाळी केबिन रिकामी होती. बिछान्यावर कुणी झोपलेलं नव्हतं, रात्रीचे कपडे नीट काढून ठेवलेले, घड्याळ जागेवर. डेकवर कठड्याजवळ त्याची टोपी आणि घडी घातलेला ओव्हरकोट सापडला.

कुणी म्हटलं आत्महत्या. कुणी म्हटलं जर्मन हेरांनी संपवलं, कारण तो इंजिनाची माहिती इंग्रजांना देणार होता. कुणी तेलवाल्या कंपन्यांकडे बोट दाखवलं. यावर आजही पुस्तकं निघतात आणि खपतात. त्याच्या डायरीत 29 सप्टेंबरच्या तारखेवर एक फुली मारलेली होती. मार्थाने बॅग उघडली तेव्हा आत रोख रक्कम होती आणि सोबत बँकेचे कागद. खाती रिकामी झालेली.

दहाएक दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक प्रेत तरंगताना दिसलं. त्याची अवस्था इतकी वाईट होती की खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि ते पुन्हा पाण्यात सोडलं. गोळ्यांची डबी, पाकीट, चाकू, चष्म्याचं घर. 13 ऑक्टोबरला त्याचा धाकटा मुलगा ऑयगेन याने त्या वस्तू ओळखल्या. पुढे वडिलांचं चरित्र त्यानेच लिहिलं.